ती उसण नव्हती

मी पायाळू आहे. जन्मताना आधी पाय बाहेर आले, डोके नंतर. आमच्या गावात, काष्टीत, पायाळू माणसाला एक काम न मागता मिळते. कोणाच्या पाठीत उसण भरली, म्हणजे अचानक चमक येऊन पाठ धरली, की पायाळूला बोलावणे येते. दुखणारा माणूस भिंतीला हात टेकून पाठमोरा उभा राहतो. पायाळूने त्याच्या पाठीला पाय लावायचा, हलकी लाथ मारल्यासारखे करायचे. उसण निघते, असे मानतात. बाजाराच्या दिवशी मला शाळेतूनही बोलावून नेत. बैल विकायला आलेले अनोळखी लोक माझ्यासमोर पाठ करून उभे राहत आणि नंतर हातावर शेव-रेवडी ठेवत.

आजारपणाच्या लेखाची सुरुवात इथून करण्याचे कारण आहे. माझ्या वडिलांच्या पाठीला शेवटचा पाय माझा लागला होता. ते ज्या आजाराने गेले तो मलाही आहे, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळले.

मी अहिल्यानगरला एका दैनिकात उपसंपादक आहे. इतरांच्या बातम्या दुरुस्त करणे हे माझे काम. हा लेखही शक्य तेवढा बातमीसारखाच लिहिला आहे. ज्यांच्या घरात हा आजार आहे आणि ज्यांना तो आहे हे अजून माहीत नाही, त्यांच्यासाठी.

पाठीत नक्की कुठे?

सुरुवात खोकल्याने झाली. सावेडीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला. वरचा आकडा वाढलेला होता, खालचा फारच कमी. त्यांनी दुसऱ्या हातावर मोजला, मग छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत बसले. खोकल्याबद्दल काहीच बोलले नाहीत. छातीची सोनोग्राफी झाली. हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, म्हणजे महाधमनी, सुरुवातीलाच रुंद झालेली दिसली. त्यांनी पुण्याला पाठवले.

पुण्यातल्या हृदयाच्या डॉक्टर वयाने माझ्याएवढ्याच होत्या.

"घरात कोणाला हृदयाचा त्रास?"

"वडील हार्ट अटॅकने गेले. पंचेचाळिशीही झाली नव्हती."

"छातीत दुखलं होतं?"

"छातीत नाही. पाठीत."

"पाठीत नक्की कुठे?"

मला सांगता येईना. मी तिथूनच काष्टीला आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आगं, दोन्ही खांद्यांच्या मधी," आई म्हणाली. "चारा उतरवत हुते. एकदम वरडले. उसण भरली म्हनून तुला हाक मारली न्हाई का? तू पाय लावला. जरा बरं वाटतंय म्हनले, चहा मागितला. मी चहा घिऊन आले तवर काय न्हाई राह्यलं." मग ती म्हणाली, "आन् आता कशाला इचारती हे?"

मी नंतर फोन करते म्हणाले. 'पाय लावला' म्हणजे काय, ते डॉक्टरांना समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, "तो बहुधा हार्ट अटॅक नव्हता. महाधमनी फाटली असावी. आता सिद्ध करता येणार नाही. पण एक सांगते, तुमच्या पायाचा त्यात काही संबंध नाही. तुम्ही पाय लावला नसता तरी तेच झालं असतं."

मी हे विचारले नव्हते.

वर्तुळ

माझी महाधमनी किती रुंद झाली, हे कळले होते. अडचण अशी की ती रुंदी काठावरची होती. निश्चित ऑपरेशन करावे एवढी जास्त नाही, सोडून द्यावे एवढी कमीही नाही. त्यामुळे दुसरी गोष्ट मोजायचे ठरले. ती ताणली किती जाते?

डॉक्टरांनी जे सांगितले ते असे. हृदय ठोक्यागणिक रक्त फेकते. त्या क्षणी महाधमनीने फुगायला हवे आणि लगेच आकसून ते रक्त पुढे ढकलायला हवे. मुलांमध्ये ती छान फुगते. वय वाढते तशी कमी फुगते. काही घराण्यांत तिच्या भिंतीतले ताणले जाणारे धागे जन्मतःच कच्चे असतात आणि लवकर तुटतात. मग ती फुगत नाही. सगळा मार भिंतीवर बसतो, प्रत्येक ठोक्याला. एक दिवस भिंत आतून उसवते.

हे मोजण्यासाठी शरीर उघडावे लागत नाही. एमआरआयच्या यंत्रात झोपावे लागते. त्याआधी अंगावरचे सगळे धातू काढतात. मंगळसूत्र निघाले, बांगड्या निघाल्या, पायातली जोडवी निघेनात. लग्नानंतर ती काढायचा प्रसंगच आला नव्हता. शेवटी नर्सने साबण लावला आणि माझे यजमान विलास यांनी खाली बसून ओढून काढली. त्यांनी ती शर्टाच्या खिशात टाकली. बोटांवर पांढरे वळ राहिले.

छातीवर तारा चिकटवल्या, वर यंत्राचे एक जड कवच बांधले, दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. यंत्राचे नळकांडे नाकाशी येते. कानात आवाज आला, "श्वास घ्या. सोडा. थांबा." फुप्फुसे रिकामी करून थांबायचे, हे मला आधी कोणी सांगितले नव्हते. भरलेल्या छातीने थांबता येते. रिकाम्या छातीने थांबताना माणसाला आपण कशावर जगतो ते कळते. यंत्र आमच्या छापखान्यासारखे धडधडत होते. मग, "आता श्वास घ्या." मग पुन्हा तेच. किती वेळा ते मोजले नाही.

दुपारी डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवले. काळ्या पार्श्वभूमीवर एक पांढरे वर्तुळ. नळी आडवी कापल्यावर दिसेल तसे. ते चित्र स्थिर नव्हते, चलचित्र होते, ठोका पुन्हा पुन्हा दाखवणारे.

"हलतंय का?" त्यांनी विचारले.

मी चष्मा पुसून बघितले. "नाही दिसत."

त्यांनी शेजारी दुसरे चित्र लावले, नाव झाकून, कोणा निरोगी माणसाचे. ते वर्तुळ माशाच्या तोंडासारखे उघडमीट करत होते. मग मी पुन्हा माझ्याकडे बघितले. ते उघडलेलेच होते.

"कडक झालीय," डॉक्टर म्हणाल्या. "ऑपरेशन करू. वाट बघायला नको. आणि सख्खा भाऊ आहे म्हणालात ना? त्याची तपासणी झालीच पाहिजे. त्याच्या मुलांचीही."

कडक

माझा धाकटा भाऊ बाळासाहेब, घरात बाळू. काष्टीत त्याचे पशुखाद्याचे दुकान आहे. आमच्या आण्णांसारखाच, म्हणजे वडिलांसारखाच उंच, लांब हातांचा. पेंडीचे पोते हमालाची वाट न बघता स्वतः पाठीवर घेणारा. विलास यांनी रुग्णालयाच्या जिन्यातून त्याला फोन लावला.

"बाळासाहेब, रिपोर्ट आला. मुख्य रक्तवाहिनी कडक झालीय, म्हणतात."

"कडक हाय ना?" पलीकडून बाळूचा आवाज मला ऐकू आला. "मग झालं तर! मला वाटलं सडलीबिडली का काय. कडक हाय म्हंजी टिकती, दाजी."

"अहो, तसं नाही. ऑपरेशन सांगितलंय."

"त्यांना सांगायला काय जातंय. आमच्या आन्नांची बी कडकच आसंल. आमच्या घरात मऊ माल न्हाईच."

विलास यांनी पुन्हा समजावले. तुमचीही तपासणी करायला सांगितली आहे, म्हणाले. बाळू म्हणाला, "माजी बी कडकच निघनार. मोजायची कशाला?" आणि दुकानात गिऱ्हाईक आल्याचे सांगून फोन ठेवला.

नंतर मीही सांगितले. काष्टीला जाऊन सांगितले. त्याची बायको मंगल माझ्या बाजूने होती. तो हसत होता. त्याच्या दुकानात बसणाऱ्या मंडळींतही ती बातमी पसरली होती: बाळासाहेबाच्या बहिणीची नस कडक निघाली. एकाने मला नमस्कार करून तसे म्हटलेही, अभिनंदनाच्या सुरात.

मी पुन्हा कामावर गेले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्या आठवड्यात माझ्या हाताखालून गेलेल्या मजकुरात कडक बंदोबस्त होता, कडक शिस्तीचे मुख्याध्यापक होते, कडक इस्त्रीतले पुढारी होते. ताठ मानेने जगलेल्या एका शिक्षकावर मृत्युलेख होता. मऊ माणूस कुठे आला तर तो फसवला गेलेला असे. लवचिक भूमिका घेणाऱ्या नेत्यावर अग्रलेखात टीका होती. जे शरीरात आजार आहे ते आमच्या भाषेत गुण आहे. बाळूने चुकीचे ऐकले नव्हते. त्याने मराठी ऐकली होती.

वाट बघणे

ऑपरेशनची तारीख लगेच मिळाली नाही. आधी गोळ्यांनी रक्तदाब आणि ठोके खाली आणायचे होते. या काळाबद्दल फारसे कोणी सांगत नाही, म्हणून लिहिते.

जड उचलायचे नाही. जोरात ओरडायचे नाही. शौचाला जोर करायचा नाही, त्यासाठी झोपताना इसबगोल. डाव्या कुशीवर झोपले की उशीत ठोका ऐकू येई. प्रत्येक ठोका भिंतीवर बसतो, हे वाक्य डॉक्टरांनी एकदाच उच्चारले होते. मला ते दर ठोक्याला ऐकू येई.

विलास माझ्या मागे मागे फिरत. बादलीला हात लावला की ती काढून घेत. मी खोकले की दारात येऊन उभे राहत. एक दिवस मी पिठाचा डबा फळीवरून काढला आणि ते ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा.

"मरायचंच असेल तर मी घरी नसताना मर!"

मी डबा खाली ठेवला. ते बाहेर जाऊन स्कूटरवर बसून राहिले, चावी न लावता. आम्हाला मूल नाही. घरात आम्ही दोघेच. त्या दिवशी स्वयंपाक झाला नाही. संध्याकाळी त्यांनी केळी आणली, आणि आम्ही ती समोरासमोर बसून खाल्ली.

कापडी नळी

ऑपरेशनचा दिवस मला माहीत नाही. मला त्याच्या आधीचे आणि नंतरचेच माहीत आहे. छातीचे हाड मधोमध कापून उघडतात, महाधमनीचा खराब तुकडा काढतात, तिथे कापडासारख्या विणलेल्या धाग्याची नळी शिवतात. झडप माझीच ठेवता आली, हे नशीब. ही नवी नळीही ताणली जात नाही. पण ती फाटत नाही. बाकीची महाधमनी मूळचीच आहे, म्हणून दरवर्षी मोजावी लागते.

शुद्धीवर आले तेव्हा घशात नळी होती आणि हात बांधलेले होते. हात का बांधले, हे आधी सांगितले असते तर बरे झाले असते. तुम्हाला सांगून ठेवते: घशातली नळी झोपेत उपटू नये म्हणून. त्यात दुसरे काही नसते.

छाती जोडलेली असताना खोकणे ही शिक्षा असते. त्यासाठी एक उशी देतात, ती छातीशी आवळून धरायची आणि मग खोकायचे. ती उशी मी घरी आणली. अजून आहे. एका नर्सने माझे तेलकट झालेले केस विंचरून वेणी घातली, तिच्या कामात ते बसत नव्हते. विलास आमचे वर्तमानपत्र घेऊन आले. पहिल्या पानावरच्या मथळ्यात 'शिष्टमंडळ' चुकले होते. मी बोटाने दाखवले. ते हसले आणि मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

बाळू भेटायला आला होता. माझ्याकडे बघून घाबरला. तपासणीचे पुन्हा बोलले तर म्हणाला, "आता तुजं हे बघून तर मुळीच न्हाई."

बाजाराचा दिवस

मी परत कामावर जाऊ लागले होते. आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी बाळूचा फोन आला.

"आक्का, उसण भरली गं. लई बेकार. गाडी पकड आन् ये. लाथ मारून जा." तो हसायचा प्रयत्न करत होता. मध्ये मध्ये थांबत होता.

"कुठे दुखतंय?"

"पाठीत. दोन्ही खांद्यांच्या मधी."

"हळूहळू आलं का एकदम?"

"एकदम. पोतं उचललं आन् चर्र झालं. कापड फाटल्यावानी."

मी त्याला जिथे आहे तिथेच आडवे व्हायला सांगितले आणि फोन मंगलला द्यायला लावला. मंगल म्हणाली, शेजारचे एक म्हातारे तेल चोळतायत.

"चोळू देऊ नको. पाठीला कोणाचा हात लागू देऊ नको. गाडी बोलाव, झोपवून न्यायची. मी पुण्याला डॉक्टरांशी बोलते."

"पर ताई, उसण हाय म्हनत्यात सगळे."

"उसण नाही, मंगल. आण्णांची पण नव्हती."

 पलीकडून तिचा आवाज आला, माझ्याशी नव्हे, दुकानातल्या लोकांशी. "व्हा बाजूला! व्हा बाजूला समदे!"

काष्टीहून दौंडमार्गे पुणे फार दूर नाही. डॉक्टर दारात तयार होत्या. स्कॅनमध्ये दिसले ते त्यांनी मला नंतर दाखवले. महाधमनीच्या आतले अस्तर खांद्याच्या मागून पोटापर्यंत उसवले होते. नळीच्या आत दुसरी खोटी नळी तयार झाली होती. रक्त अर्धे इकडे, अर्धे तिकडे.

त्याचेही ऑपरेशन झाले आणि बाळू वाचला. मणक्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या त्या उसवण्यात बंद झाल्या. कमरेखालची जाणीव गेली ती परत आली नाही.

रुग्णालयाच्या उपाहारगृहात विलास चहाचा कप फिरवत बसले होते. "मी त्या दिवशी 'कडक' ऐवजी 'खराब' म्हणालो असतो तर?"

"तो डॉक्टरांचा शब्द होता."

"डॉक्टर आपल्याशी बोलत होत्या," ते म्हणाले. "मी बाळूशी बोलत होतो."

 

अतिदक्षता विभागातून बाहेर आणल्यावर मी बाळूला भेटले. तो छताकडे बघत होता.

"आक्का, मार की लाथ."

"बाळू, गप्प पड."

"पाठीत नको, तिथं टाके हायेत. मांडीला मार. कळती का बगू."

मी हाताने त्याची मांडी दाबली. जोरात दाबली.

"मारली का?"

"मारली."

"न्हाई कळली," तो म्हणाला.

मऊ

बाळूला एकच मुलगी आहे, ऋतुजा. श्रीगोंद्याला कॉलेजात जाते, कबड्डी खेळते. हा दोष बापाकडून मुलीकडे येण्याची शक्यता निम्मी असते. नाणे उडवल्यासारखी. बाळू घरी आल्यावर पहिले वाक्य बोलला ते हे: "पोरीची मोजा."

तपासणीच्या दिवशी मंगल दुकानात थांबली, दुसरे कोणी नव्हते. चाकाच्या खुर्चीत बाळू, मी आणि विलास पुण्याला गेलो. ऋतुजाने कानातले काढून माझ्या हातात दिले आणि विचारले, "आत्या, आत भीती वाटते का?"

"श्वास सोडून थांबायला सांगतील, तेव्हा वाटते," मी म्हणाले. "मग परत घ्यायला सांगतात."

ती आत गेली. बाहेर आम्हाला यंत्राची धडधड ऐकू येत होती. बाळूने खुर्चीचे ब्रेक लावले, सोडले, पुन्हा लावले. विलास उभेच होते. 

डॉक्टरांनी आम्हाला खोलीत बोलावले आणि पडदा आमच्याकडे वळवला. काळ्यावर पांढरे वर्तुळ. बाळू खुर्चीच्या हातांवर जोर देऊन पुढे झुकला. त्याला बघायचे काय ते मी प्रवासात सांगितले होते.

"हालतंय," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "हालतंय ना, आक्का? का मलाच वाटतंय?"

हलत होते. उघडत होते, मिटत होते.

"रुंदी नॉर्मल आहे आणि छान ताणली जातेय," डॉक्टर म्हणाल्या. "आज तरी काही नाही. रक्ताची जनुकीय तपासणी येईपर्यंत कबड्डी बंद, आणि मोजत राहायचं."

बाळूने तिथेच फोन काढला. दोनदा चुकीचा नंबर लागला.

"मंगल! मऊ हाय! पोरीची मऊ हाय!"

तो इतक्या जोरात बोलला की बाहेर बसलेले लोक आत डोकावले. पलीकडून मंगलचा आवाज आला. दुकानातली वर्दळ तिच्या मागे ऐकू येत होती.

"मऊ? आता गं बया. मऊ म्हंजी वाईट का चांगलं?"

  बाळूने फोन माझ्या हातात दिला.

"चांगलं, मंगल," मी म्हणाले. "मऊ असणंच चांगलं. दरवर्षी मोजायची आहे."